मुठीतले तांदूळ

शनिवार, ता. ५ नोव्हेंबर १९२१. जुन्नर.

वाचनालयाचे चिटणीस चिमाजीराव आज माझ्या तोंडावर खोटे बोलले, म्हणून ही वही घातली आहे. शनिवारी दुपारी वाचनालयाचे दालन बायकांच्या लेखनवर्गास देऊ, असे त्यांनी आषाढात कबूल केले होते. आज म्हणतात, "असं मी बोलल्याचं मला स्मरत नाही, बाई." माझ्यापाशी पुरावा नव्हता. यापुढे कोण काय बोलले ते मी त्याच दिवशी येथे टिपून ठेवणार.

पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजातून बाहेर पडल्याला मला तीसहून अधिक वर्षे झाली. त्यानंतर मुलींची शाळा चालवली. पेन्शन झाल्यावर सगळ्यांनी जपमाळ घेऊन बसण्याचा सल्ला दिला. मी वर्ग काढला. दर मार्गशीर्षात वाचनालयाची वाङ्मयसभा भरते. पुरुष कविता म्हणतात, पुण्याहून पाहुणे येतात आणि बायका चिकाच्या पडद्यामागे बसून विडे लावतात. यंदा बायकांनी लिहिलेले बायकाच वाचतील, असा माझा निश्चय आहे.

दालन अखेर मिळाले. अटी अशा: गोंगाट नको, पोरे नकोत, आणि सभेत बाई एकच, लेख एकच. "आणि तो पुरा असावा," चिमाजीराव म्हणाले. "बायकांचं बोलणं कधी संपत नाही, म्हणून आधीच सांगून ठेवतो." मी म्हटले, पुरा असेल. ही त्यांची अट आणि हा माझा शब्द, दोन्ही लिहून ठेवले.

शनिवार, ता. १२ नोव्हेंबर

पहिला वर्ग. आल्या त्या सगळ्या माझ्याच शाळेत दुसरी-तिसरीपर्यंत शिकलेल्या. अपवाद बायडाबाईचा. ती साठीची, सुईण, तिला जेमतेम सही येते. ती "ऐकायला" आली आहे. जोहराबी आली. तिच्या सासरी पूर्वी कागद करीत. आता लगद्याचे हौद कोरडे आहेत, पण घोटलेल्या कागदाचे काही ताव घरात उरले आहेत, ते तिने सगळ्यांना वाटले. इतका सुरेख कागद पाहून कोणी त्यावर टाक टेकवायलाच तयार होईना. पहिला अर्धा तास त्यातच गेला.

मी सांगितले, आपापल्या घरातली सकाळ लिहा. सगळ्यांनी पत्रे लिहिली. "तीर्थरूप दादांस साष्टांग नमस्कार. येथील सर्व कुशल." एकीच्या घरी कालच म्हैस मेली आहे आणि तिने लिहिले सर्व कुशल! मी विचारले तर म्हणते, "कागदावं तसंच लिवत्यात, बाई."

बरे, तोंडाने तरी सांगा, म्हटले. तर सगळ्या सरसावून बसल्या आणि बायडाबाईने कनवटीतून तांदूळ काढून प्रत्येकीच्या हातावर चिमूट चिमूट ठेवले.

"हे काय?"

"अवं, कहाणी ऐकायची तर रिकाम्या हातानं ऐकत्यात का?"

"आणि मग?"

"मग काय, मूठ झाकून बसायचं. कहाणी संपली का तांदूळ सुपात. संपल्याबगार खाली ठिवायचं न्हाई. अर्धी कहाणी टाकून उठलं तर घराला लागतं."

जोहराबी म्हणाली, "आमच्यात बी बीबीची कहाणी असती, बाई. मधनं उठलं तर सासू मारायला धावती."

मी सांगितले की येथे निबंध आहे, कहाणी नाही. व्रतवैकल्ये घरी करा. तांदूळ गोळा करायला लावले. तरी काही दाणे फटींत राहिलेच. आता उंदीर होणार आणि चिमाजीराव त्याचे खापर माझ्यावर फोडणार.

बुधवार, ता. १६ नोव्हेंबर

झुंबरबाई घरी आली होती. वर्गातली सर्वांत मंद विद्यार्थिनी. बुद्धी आहे, पण लक्ष दुसरीकडेच असते.

तिची हकीकत गावाला ठाऊक आहे. गेणभाऊंच्या कुंडलिकाला ती दिली होती. गेणभाऊंची जुन्नरात हिरड्याची आणि भाताची वखार आहे, घर-शेती वर तळेघरला. झुंबरबाईला एक मुलगी झाली, पुढे काही नाही. कुंडलिकाने दुसरी बायको केली आणि हिला भावाकडे जुन्नरला आणून घातले. मुलगी मात्र ठेवून घेतली. ठकी तिचे नाव. सात वर्षांची आहे. तळेघरला वासरे राखते. झुंबरबाई दोनदा घाट चढून गेली, दोनदा उंबऱ्यातून परत पाठवली. गेणभाऊ म्हणतात, "पोर आमच्या घरची हाय. आमच्या घरात ऱ्हाईल." पंचही त्यांच्याच ओसरीवर बसतात.

मला वाईट वाटते. पण लेखन शिकण्याशी याचा संबंध नाही, आणि वर्गात घरगुती गाऱ्हाणी आणायची नाहीत असा नियम मी पहिल्याच दिवशी केला आहे.

तिने विचारले, "सभंला मामंजी येत्याल का, बाई?"

वाचनालयाच्या छपराचे पत्रे गेणभाऊंनी दिलेले आहेत. ते न येऊन कसे चालेल? मी म्हटले, येतील, पुढच्या खुर्चीवर बसतील. घाबरायचे कारण नाही.

"आन् आत्याबाई?"

म्हणजे तिची सासू, लंकाबाई. तीही चिकामागे असते, विडे उत्तम लावते. हे ऐकून झुंबरबाईचा चेहरा पडला असे मला वाटले. बिचारीला सासरच्या माणसांची इतकी दहशत! मी तिला धीर दिला आणि उद्यापासून शुद्धलेखन रोज एक पान करायला सांगितले.

शनिवार, ता. १९ नोव्हेंबर

झुंबरबाईने आज पहिल्यांदा काही लिहून आणले. उतरून ठेवते:

"एक गाव व्हतं डोंगराच्या कडंला. तिथं एक पोर व्हती. पोर सकाळी उठली तर आई न्हाई. पोरीनं वासराला पुसलं, माजी आई कुठं? वासरू म्हनलं, मला चरायला सोड मग सांगते. पोरीनं सोडलं. वासरू पळून गेलं. पोरीनं हिरडीच्या झाडाला पुसलं, माजी आई कुठं? झाड म्हनलं, माजं हिरडं येच मग सांगते. पोरीनं येचलं. पाटी भरली, झाड गप. पोरीनं भाताच्या खाचराला पुसलं. खाचर म्हनलं, माजी लावणी कर मग सांगते. पोर गुडघाभर चिखलात उभी ऱ्हायली. मग पोर उंबऱ्याशी आली. उंबऱ्याला पुसलं. उंबरा म्हनला, मला ठावं हाय, पर घरधनी बोलू देत न्हाई. पोर उंबऱ्यावं बसली."

मी विचारले, "पुढे?"

"म्होरलं ठावं न्हाई, बाई."

"तू लिहिलेस आणि तुलाच ठाऊक नाही?"

बायडाबाई नाक शिंकरत होती. थंडीची तिला सर्दी लवकर होते. मी निळ्या पेन्सिलीने शेरा दिला: वाक्ये सुटसुटीत. बोलीतले शब्द टाळावेत. वासरे व झाडे बोलत नाहीत. लेख अपूर्ण.

मंगळवार, ता. २९ नोव्हेंबर

संताप अनावर झाला आहे. सभेत कोणी वाचायचे हे आज ठरवायचे होते.

माझ्या मनात जोहराबी होती. तिचे अक्षर मोत्यासारखे. कागद कसा घोटायचा यावरचा तिचा लेख खरोखर चांगला आहे, आदि-मध्य-अंत सगळे जागच्या जागी. ती म्हणाली घरचे पुरुषांसमोर जाऊ देणार नाहीत. तिचा नवरा वजीर गेल्या आठवड्यात मला स्वतः म्हणाला होता, "जोहरा पढणार असेल तर मी पहिल्या रांगेत बसतो." हे तिला सांगितले. तर म्हणाली, "माझा घसा बसलाय." घसा ठणठणीत होता. दुसरीला पाहुणे येणार आहेत. तिसरीला त्या दिवशी माहेरी बारसे आहे. बायडाबाईला लिहिता येत नाही, तरी तिनेही आवर्जून सांगितले, "मला डोळ्यानं दिसत न्हाई, बाई, माजं नाव घेऊ नका."

एकेक करून सगळ्या गळाल्या. उरली झुंबरबाई. आणि तिच्या वाट्याला काय, तर तो अपुरा लेख.

तीस वर्षे शिकवून मी काय मिळवले? आयुष्यात एकदा तोंड उघडायची संधी आली तर या बायका आपापले नाव मागे घेतात आणि वर एकमेकींकडे पाहून हसतात. ट्रेनिंग कॉलेजात आम्हांला सांगत, स्त्री शिकली की कुटुंब शिकेल. कदाचित मला शिकवताच येत नसेल. हे येथेच राहू दे.

शनिवार, ता. १० डिसेंबर

अपुरा लेख सभेत चालणार नाही. मी शब्द दिला आहे. म्हणून झुंबरबाईला शेवट मी लिहून दिला. दीड पान झाले. पोर उंबऱ्यावर बसून ईश्वराचे चिंतन करते, माता धैर्य धरते, ईश्वर घरधन्यास सुबुद्धी देतो, मायलेकरे भेटतात, आणि मग धैर्याच्या महत्त्वावर चार ओळी.

तिने वाचले. म्हणाली, "लई चांगलं हाय, बाई."

"पाठ करशील?"

"करीन."

चार वेळा म्हणून घेतले. एकदाही अडली नाही. समाधान वाटले. जाताना बायडाबाईने विचारले, सभेच्या दारात पाहुण्यांच्या हातावर अक्षता ठेवल्या तर चालेल का? मी म्हटले, शारदेच्या तसबिरीला वाहायला बऱ्या. ठेवा.

रविवार, ता. १८ डिसेंबर

सभा झाली. होऊ नये तशी झाली. क्रमाने लिहिते.

दालन भरले होते. बायडाबाई सूप घेऊन दारात उभी होती आणि आत येणाऱ्या प्रत्येकाच्या हातावर चिमूटभर तांदूळ ठेवीत होती. पुण्याच्या पाहुण्यांनी घेतले, चिमाजीरावांनी घेतले, गेणभाऊंनी घेतले, मीही घेतले. शारदापूजन झाले तेव्हा पुरुष अक्षता वाहायला पुढे होऊ लागले, तर बायडाबाई म्हणाली, "अजून न्हाई राव, मागनं." सगळे मुठी झाकून परत बसले. कार्यक्रम असाच असेल असे त्यांना वाटले. मलाही वाटले.

कविता झाल्या. मग झुंबरबाई उभी राहिली. हातात कागद होता, तो तिने उलगडला नाही. तेथेच माझ्या मनात शंका आली.

"समद्यांच्या हातात तांदूळ हाईत न्हवं?" तिने विचारले. "मंग ऐका."

आणि तिने कहाणी सांगितली. वासरू, हिरडी, खाचर, उंबरा. आवाज लहान होता, पण शेवटच्या रांगेपर्यंत पोचत होता. बोलीतले शब्द सगळे तसेच. मी काढून टाकलेले वासरू बोलले, झाडही बोलले. "पोर उंबऱ्यावं बसली," असे म्हणून ती थांबली.

मी वाट पाहिली. विसरली असणार! म्हणून कडेने पुढचा शब्द सुचवला, "ईश्वराचे चिंतन..." ती बोलेना. मी जरा मोठ्याने म्हटले, "ईश्वराचे चिंतन करीत..." तेव्हा बायडाबाईने माझ्या कोपराला चिमटा काढला आणि म्हणाली, "गप ऱ्हावा की, बाई!" माझ्या उभ्या आयुष्यात मला असे कोणी बोललेले नाही.

पाहुणे सभ्यपणाने म्हणाले, "फार सुंदर. संपलं ना?"

"न्हाई जी," झुंबरबाई म्हणाली. "माज्यापाशी एवढीच हाय. म्होरली मामंजींपाशी हाय."

गेणभाऊ उठले. "चला, बायकांचा काय तरी पोरखेळ," म्हणाले आणि मूठ खुर्चीवर उघडणार, तोच चिकामागून लंकाबाई बाहेर आली. चारचौघांत ती नवऱ्यासमोर उभी राहिलेली मी प्रथमच पाहिली.

"अवं," ती म्हणाली, "मूठ झाका. कहाणी व्हायची हाय. घरात दुभतं हाय, सून पोटुशी हाय."

गेणभाऊंनी मूठ झाकली. तसेच मूठ झाकून ते निघून गेले. मागच्या रांगेत कोणी तरी हसले.

पुढे नुसता गोंधळ. पाहुण्यांना हार घालायचा तर चिमाजीरावांचा एकच हात मोकळा. कोणी तांदूळ रुमालात बांधले, कोणी घड्याळाच्या खिशात टाकले. खाली कोणीच ठेवले नाहीत. टाळी एकही वाजली नाही. इतके साफ अपयश मी पाहिलेले नाही. आणि कारण काय, तर दीड पान पाठ असूनही ऐन वेळी ही बाई घाबरली.

चिमाजीराव जाताना म्हणाले, "पुरा असेल म्हणाला होतात." त्यांना आज सगळे बरोबर स्मरत होते.

सोमवार, ता. १९ डिसेंबर

झुंबरबाईला बोलावणे पाठवले. आली नाही. धोबी आला होता. काल सभेला नेसलेले पातळ त्याला दिले नाही. कारण येथे लिहिण्यासारखे नाही.

बुधवार, ता. २१ डिसेंबर

गावाला वेड लागले आहे. बायडाबाईने तीच कहाणी नदीवर सांगितली, तीच बाळंतिणींच्या खोल्यांत सांगितली. जेथे जाते तेथे तांदूळ वाटते आणि अर्ध्यावर उठते. मी वाण्याकडे निघाले होते. वाटेत गेणभाऊंची वखार लागते. डोंगरावरच्या बायका हिरड्याच्या पाट्या डोक्यावर घेऊन दारात उभ्या होत्या, पण एकही पाटी उतरेना.

"उतरा की गं," गेणभाऊ म्हणत होते.

"कशी उतरू, भाऊ? मूठ मोकळी न्हाई."

"दुसऱ्याच्या वखारीत उतरते का मंग?"

"तिथं उतरंल. त्यांची कुठं कहाणी अडलीया?"

शेजारच्या न्हाव्याने दाढी करता करता हाक दिली, "भाऊ, म्होरं काय झालं वं त्या पोरीचं? माजी कारभारीन मला दोन दीस पुसतीया."

गेणभाऊंच्या उपरण्याच्या टोकाला गाठ होती. ती त्यांनी सोडलेली नाही. एवढा व्यवहारी माणूस, आणि चिमूटभर तांदळाला भितो! मी मनात म्हटले, शिक्षणावाचून असे होते.

शुक्रवार, ता. २३ डिसेंबर

काल गेणभाऊ माझ्याकडे आले. बसले नाहीत.

"मास्तरीणबाई, तुमी लिवलेला शेवट हाय म्हनं तुमच्यापाशी. त्यो द्या. वाचून टाकतो, समद्यास्नी मोकळं करतो."

निदान एकाला तरी त्याची किंमत कळली, म्हणून मी आनंदाने दिला. आज सकाळी वाचनालयाच्या पायरीवर चिमाजीरावांनी तो वाचला, अगदी स्पष्ट, योग्य तेथे थांबून. बायका ऐकायला जमल्या होत्या. मायलेकरे भेटतात, येथपर्यंत आल्यावर लंकाबाईने विचारले, "पोर आली म्हनता, तर कुठं हाय?"

चिमाजीराव म्हणाले, "हे काय, इथं लिहिलंय."

"कागदावं आली. दारात न्हाई आली."

कोणीही मूठ उघडली नाही. धैर्याच्या महत्त्वावरच्या चार ओळी ऐकायला कोणी थांबलेही नाही. जाता जाता जोहराबी माझ्यापाशी आली आणि हळूच म्हणाली, "तुमचं वाईट नव्हतं, बाई. खोटं होतं." तिचा घसा पूर्ण बरा होता.

दुपारी कमिटीचा निरोप आला. स्त्रियांचा लेखनवर्ग बंद. उद्या सामान चिटणिसांच्या ताब्यात द्यावे. कारण विचारले, तर सभेची शोभा गेली म्हणतात. मी भांडले नाही. भांडण्यासारखे माझ्या हातात काय आहे? शब्द मी दिला होता आणि लेख पुरा झाला नाही.

आताच समजले, की गेणभाऊंनी बैल जुंपून गाडी तळेघरच्या वाटेला लावली आहे आणि लंकाबाई गाडीत बसली आहे.

शनिवार, ता. २४ डिसेंबर १९२१

चिमाजीराव फळा मोजून घेत होते (फळा एकच आहे) तेव्हा दारात गाडी थांबली. बायका आधीच पायरीवर जमल्या होत्या. त्यांना कोणी कळवले होते ते मला ठाऊक नाही. मला कोणी कळवले नव्हते.

चिमाजीराव गेणभाऊंना म्हणाले, "अहो, हे घरचं काम, इथं कशाला? हिच्या भावाकडे न्या."

गेणभाऊ म्हणाले, "न्हाई. जितं सुरू झाली तितंच संपू द्या."

मुलगी लंकाबाईच्या लुगड्याला धरून उतरली. पायांना भेगा, केस कापलेले. इतकी माणसे पाहून तिने तोंड लपवले. झुंबरबाईने हाक मारली नाही, धावलीही नाही. ती वाचनालयाच्या उंबऱ्यावर जाऊन बसली. बसून राहिली. मुलगी लांबून पाहत राहिली. बऱ्याच वेळाने ती एकेक पायरी चढून आली आणि उंबऱ्यावर तिच्या शेजारी, थोडे अंतर ठेवून बसली. मग ते अंतर राहिले नाही.

झुंबरबाईने वर पाहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाली, "पोरीला आई गवसली. कहाणी झाली."

मी दीड पान लिहिले होते.

आज जे सुपूर्द झाले त्याची नोंद, मागाहून कोणास स्मरत नाही असे म्हणता येऊ नये म्हणून:

चिटणीस चिमाजीराव यांस, माझ्याकडून: दालनाची किल्ली, फळा, खडूंची पेटी, सतरंजी, शाईची दौत. जोहराबीच्या कागदांचे उरलेले ताव दिले नाहीत. ते तिचे आहेत. पुढल्या शनिवारी कोरड्या हौदांच्या पडवीत ती सगळ्यांना ते वाटणार आहे, मलाही यायला सांगितले आहे.

झुंबरबाईस, गेणभाऊ व लंकाबाई यांच्याकडून: मुलगी ठकी, वय सात. अंगावरचे परकर-पोलके. आजीने गाडीतून आणलेले हातसडीचे तांदूळ, एक पायली.

बायडाबाईच्या सुपात, सर्वांकडून: मुठीतले तांदूळ. गेणभाऊंनी उपरण्याची गाठ सोडली. चिमाजीरावांनी इकडेतिकडे पाहून घड्याळाचा खिसा उलटा केला. लंकाबाईने सोडले, जोहराबीने सोडले.

आणि माझ्या पातळाच्या पदरात गाठ होती, तीही सोडली.